शिवण, ब्लाऊज आणि वाकळ : शिकायला येणारे नेहमी विचारतात ते प्रश्न

आमच्या घरात शिवणाच्या दोन वाटा आल्या. सासऱ्यांकडून शिंपीकाम आलं आणि सासूबाईंकडून वाकळ, म्हणजे जुन्या लुगड्यांचे थर हाताने शिवून केलेली जाड गोधडी. मंगळवार पेठेतल्या घरी शिकायला येणाऱ्या मुली, सुना, निवृत्त झालेल्या शिक्षिका आणि अधूनमधून एखादा मुलगा जे विचारतात, त्यातलं बरंचसं इथे एका जागी मांडलंय. उत्तरं कोल्हापूरच्या हिशेबाने आहेत, म्हणजे इथलं कापड, इथला पाऊस आणि इथल्या पेठा धरून. पुण्या-मुंबईच्या बाईंनी दुसरं काही सांगितलं असेल तर तेही करून बघा.

आधी हाताने शिकू की थेट मशीनवर बसू?

आधी हाताने. यावर आमच्याकडे वाद चालत नाही. सुरुवातीचे काही दिवस मशीनला हात लावू देत नाही म्हणून काही जणी वैतागतात, एखादी सोडूनही जाते. पण कापड कुठे ताणलं जातंय, कुठे सरकतंय हे बोटांना कळायला लागतं ते हातशिलाईतच. मशीनवर तेवढं कळायच्या आत वीतभर टीप पडून गेलेली असते.

धावदोरा, उलटी टीप, हेम आणि काजाचा टाका हे चार आले की पुढची वाट मोकळी. जुन्या चादरीचा तुकडा घ्या आणि वरचा टाका व खालचा टाका सारखा दिसेपर्यंत धावदोराच घालत राहा. दोरा हातभरच घ्यावा. सुईत सारखं ओवायला नको म्हणून लांब घेतला की तो पिळतो, गाठी बसतात आणि वाचवलेला वेळ दुप्पट जातो. रिळावरून जे टोक आधी सुटतं ते सुईत ओवा आणि कापलेल्या टोकाला गाठ मारा, गुंता कमी होतो. जाड कापडाला दोऱ्यावरून एकदा मेण फिरवा. अंगुस्तान, म्हणजे सुई टोचू नये म्हणून बोटात घालायची टोपी, पहिल्या दिवसापासून घाला. नंतर सवय लागत नाही.

आणि उसवायला शिका. घाईने ओढून उसवलेल्या कापडाला जे भोक पडतं ते कुठल्याही टिपेने झाकत नाही. चार टाक्यांआड एक टाका कापायचा, मग उलट बाजूचा दोरा ओढला की सगळी टीप अलगद सुटते.

ब्लाऊज किती दिवसांत येईल?

अंगात घालता येईल असा, दोन-तीन महिन्यांत. दुसरीला शिवून देऊन पैसे घेता येतील असा, वर्ष धरा. "पंधरा दिवसांत ब्लाऊज" अशा पाट्या सगळीकडे दिसतात. पंधरा दिवसांत एका मापाचा एक ब्लाऊज शिवता येतो हे खरं आहे. पुढची बाई वेगळ्या अंगाची आली की तिथेच गाडी अडते.

सासूबाईंचं पायमशीन माळ्यावर पडून आहे. ते चालेल का, की नवीन घेऊ?

बहुतेक वेळा चालतं, आणि बाजारातल्या स्वस्तातल्या नव्या मशीनपेक्षा बरं चालतं. उषा, सिंगर, मेरिट अशा जुन्या काळ्या मशीनमध्ये मोडण्यासारखं फार काही नसतं. सुटे भाग अजून मिळतात आणि दुरुस्त करणारे पेठेत आहेत.

खाली उतरवल्यावर लगेच पायडल मारू नका. दोरा काढून टाका, सुई काढा (काढण्याआधी तिची चपटी बाजू कुठल्या अंगाला आहे ते बघून ठेवा, नवी सुई तशीच बसवायची आहे) आणि चाक हाताने फिरवून बघा. घट्ट असेल तर आतलं जुनं तेल चिकट होऊन बसलंय. तेलाच्या भोकांतून रॉकेलचे थेंब सोडा, रात्रभर राहू द्या, सकाळी चाक फिरवत फिरवत निघालेली काळी घाण पुसून घ्या. मग शिवणमशीनचं तेल. खोबरेल तेल चुकूनही घालू नका. थंडीत ते थिजतं, एरवी चिकट होतं, आणि दुरुस्तीला येणाऱ्या निम्म्या मशीनचा आजार तोच असतो. कापड पुढे नेणाऱ्या दातांवरची पट्टी उघडून आतला कापसाचा भुगा ब्रशने काढा. चामड्याचा पट्टा सैल झाला असेल तर तेवढा तुकडा कापून परत जोडता येतो. लाकडी मेजाला वाळवी लागलीय का ते ठोकून बघा. मशीन शाबूत आणि मेज पोकळ, असं आमच्याकडच्या पावसात पुष्कळदा होतं.

मोटर नंतर कधीही बसवता येते, पण शिकताना पायडलच बरं. वेग आपल्या पायात राहतो. पहिली अडचण हमखास एकच येते, चाक उलटं फिरतं आणि दोरा तुटतो. म्हणून दोरा न ओवता, नुसत्या जुन्या वर्तमानपत्रावर रेघेवरून भोकं पाडत सराव करायचा. चाक आपल्याकडे यायला हवं. सुरुवात हाताने द्यायची, पायाने नंतर धरायचं.

टीप नीट पडत नाही. मशीन बिघडलंय का?

दहातल्या नऊ वेळा मशीन ठणठणीत असतं. खाली दोऱ्याचा गुंता झाला तर वरचा दोरा पुन्हा पहिल्यापासून ओवा आणि फूट (कापड दाबून धरणारा मशीनचा पाय) खाली टाकलाय ना ते बघा. टाके सुटत असतील तर सुई बोथट आहे, वाकलीय किंवा उलटी बसलीय. सुई मोडत असेल तर तुम्ही कापड मागून ओढताय; ओढू नका, दाते नेतात त्याला. साध्या सुती कापडाला १४ नंबरची सुई, पातळ रेशमाला ११, जाड खादीला किंवा जीन्सला १६. सुई ही पैशाची वस्तू नाही, बदलत जा.

कापड कुठून आणायचं?

सरावासाठी विकत आणूच नका. घरातल्या जुन्या चादरी, धोतरं, सुती साड्या आहेत की. तुमच्याकडे भांडी घेऊन बोहारीण येत असेल तर तिच्या हातात गठ्ठा द्यायच्या आधी एकदा तो चाळा.

विकत घ्यायचं तर अस्तर, रुबिया, पॉपलीन यांसाठी महाद्वार रोड आणि त्याला लागून असलेल्या बोळांतली दुकानं पुरतात. जास्त लागत असेल, म्हणजे दहा-वीस परकरांचं काम हातात असेल, तर गांधीनगरला जा. तिथली पेठ घाऊकाची. इचलकरंजी तर जवळच. तिथे विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली पहिला यंत्रमाग बसवला आणि पुढे अख्खं गाव मागाच्या आवाजावर उभं राहिलं. खुद्द कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०६ मध्ये कापडगिरणी काढली, तीच शाहू मिल. आमच्या मागच्या पिढीतल्या बायका मिलच्या कापडाची आठवण अजून काढतात. सांगायचं एवढंच, की सुती कापडासाठी लांब जायची गरज कोल्हापूरकराला कधी पडली नाही. आता मात्र दुकानात "कॉटन" म्हणून निम्मं पॉलिस्टर मिसळलेलं मिळतं. संशय आला तर कडेचा एक धागा काढून चिमट्यात धरा आणि पेटवा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि मऊ राख राहते. पॉलिस्टर वितळतं आणि कडक काळा मणी होतो.

नवं कापड भिजवूनच बेतायचं का?

हो. सुती असेल तर रात्रभर पाण्यात, सावलीत वाळवून, इस्त्री करून मगच कात्री. पंधरा इंच उंचीच्या ब्लाऊजमध्ये पहिल्या धुण्यात अर्धा इंच सहज आत जातो. अस्तर वेगळं भिजवा. वरचं कापड आणि अस्तर वेगवेगळं आटलं की ब्लाऊजला आतून सुरकुत्या पडतात, आणि त्या इस्त्रीने जात नाहीत.

मशीनवर पहिलं काय शिवू?

पिशवी, उशीचा अभ्रा, मग परकर. हे सगळे सांगतील. मी यात बाळंतविडा घालते. झबलं, टोपडं, कुंची, दुपटं, लंगोट हे सगळं छोटं असतं, कापड थोडं लागतं, चुकलं तरी मन खात नाही आणि ओळखीपाळखीत बाळ होत असतंच. शिवाय यात एकेक गोष्ट आपोआप शिकून होते. झबल्यात गळ्याची गोलाई आणि उरेबपट्टी, टोपड्यात चुण्या, कुंचीत खणाच्या कापडाला अस्तर लावणं, दुपट्यात सरळ रेघा.

तान्ह्याच्या झबल्याला कापड जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं घ्यावं. शिलाई बाहेरच्या बाजूला ठेवायची, आत काही टोचता कामा नये. बटण, टिकली, मणी नको. बांधायला नाडी, तीही आखूड, आणि गळ्याशी नको. कुंचीच्या काठाला सोनेरी गोट हौसेने लावतात तो चेहऱ्यापासून दूर, मागच्या झालरीला लावा. बारशाच्या फोटोपुरती कुंची घालायची आणि बाळ झोपलं की काढायची.

उरेबपट्टी म्हणजे कापडाच्या उभ्या-आडव्या धाग्याला तिरकी कापलेली पट्टी. गळ्याच्या गोलाईवर सरळ पट्टी कधी बसत नाही, तिरकी बसते, कारण तिला ताण असतो. मात्र त्याच ताणामुळे नवशिक्या मुली पट्टी ओढून लावतात आणि गळा चुणतो. पट्टी नुसती ठेवायची, ओढायची नाही.

ब्लाऊजची मापं बरोबर घेते, तरी हात वर केला की ब्लाऊज वर चढतो. का?

मुंढा, म्हणजे बाही जोडायची काखेची गोलाई, खोल कापलाय. काखेत आवळतंय असं वाटलं की आपण मुंढा आणखी उतरवतो, आणि दुखणं वाढवून ठेवतो. मुंढा जितका खाली, तितकी बाही हात वर करताना सगळा ब्लाऊज ओढते. मुंढा काखेच्या जवळ ठेवा आणि बाहीला वर घेर द्या. आवळतच असेल तर आधी शोल्डर आणि पाठीची रुंदी तपासा, बहुतेक वेळा चूक तिथे सापडते.

आणखी एक. मुंढ्याच्या आणि गळ्याच्या गोलाईत आत जे कापड राहतं त्याला बारीक कातरे द्या, टिपेला न लागता. नाहीतर गोलाई फुगते. बाजूच्या शिलाईत मात्र आत दीड इंच कापड सोडायला विसरू नका. जुने शिंपी सोडायचे म्हणून आईचा ब्लाऊज लेकीला होत होता.

साडीबरोबर येणारा ब्लाऊजपीस साधारण ८० सेंटिमीटरचा असतो. छाती ४० आणि बाही कोपरापर्यंत असेल तर तो पुरत नाही. कात्री चालवायच्या आधी बाईंना तसं सांगा, नंतर नाही.

वाकळ शिवायची आहे. किती साड्या लागतील?

हा प्रश्न आमच्या जिवाचा, म्हणून सविस्तर.

वाकळ मुळात नऊवारी लुगड्याच्या हिशेबाने जन्माला आली. नऊ वार म्हणजे २७ फूट. त्याची चार पदरी घडी घातली की लांबी पावणेसात फूट येते आणि रुंदी लुगड्याची, साधारण चार फूट. एका माणसाला एक लुगडं, चार थर, वाकळ तयार. कापायला कात्री लागत नाही आणि वाया काही जात नाही. थंडीसाठी जाड हवी तर दोन लुगडी. आताची पाचवारी साडी साडेपाच मीटरची, म्हणजे १८ फूट. तिच्यात सहा फुटांचे तीनच थर बसतात, म्हणून पाचवारी दोन घ्या आणि सहा थर करा. दोघांच्या अंगावर पुरेल अशी करायची तर दोन पन्हे, म्हणजे कापडाच्या दोन रुंद्या, काठाला काठ लावून जोडावे लागतात.

लुगडी आधी धुऊन खळ काढून टाका. विरलेली, भोकं पडलेली आत जातात, धडधाकट वर आणि खाली. जिथे कापड अगदीच विरलंय तिथे मधल्या थरात जुन्या धोतराचा तुकडा टाका. मग घरातली सगळ्यात मोठी मोकळी जागा झाडून-पुसून घ्या आणि पसरा. हे एकटीचं काम नाही. दोघींनी समोरासमोरच्या कडा धरून एकाच वेळी ओढायचं, एकेक थर, आणि चार कोपऱ्यांवर जड काहीतरी ठेवायचं. इथे राहिलेली सुरकुती शेवटपर्यंत राहते.

यानंतर कच्चा धावदोरा. नव्या मुली हा टप्पा टाळायला बघतात आणि नंतर रडतात. मधून सुरुवात करून कडेकडे जायचं, वीत-वीत अंतरावर, उभा आणि आडवा, मोठमोठे टाके. हवा आणि सुरकुत्या बाहेर जायला हव्यात म्हणून मधून बाहेर. कडा आत दुमडून बंद करा किंवा लुगड्याचाच काठ काढून चारी बाजूंनी पट्टी लावा. इरकलीचा लाल काठ असेल तर त्याच्यासारखी किनार दुसरी नाही.

आता खरं शिवण. सासूबाई कडेपासून आत चौकोनात चौकोन घालत जायच्या. दिसायला देखणं, पण थर आतल्या आत ढकलले जातात आणि कच्चा टाका सैल असेल तर मधोमध फुगा येतो. पहिली वाकळ सरळ रेघांची करा. रेघेत अंतर बोटभर. सुई सगळ्या थरांतून आरपार गेली पाहिजे. डावा हात वाकळेखाली ठेवा, सुईचं टोक बोटाला लागलं की वर फिरवा. तीन-चार टाके सुईवर घेऊन मग दोरा ओढा. गाठ कधी वर ठेवायची नाही. सुई थराच्या मधून घालून हलका हिसका दिला की गाठ आत जाते आणि तिथेच राहते.

पॉलिस्टर, जॉर्जेटच्या साड्या चालतात का? सुती साड्या आता कोण नेसतं?

चालतात असं म्हणणारे भेटतील. आमचं मत, नकोत. अंगावर घाम जिरत नाही, थर एकमेकांवरून घसरतात, सुई अडखळते, आणि चुलीपाशी किंवा शेकोटीपाशी झोपणाऱ्याच्या अंगावर वितळणारं कापड नको. फारच जीव असलेली एखादी साडी असेल तर तिचा काठ किंवा पदर सजावटीला वर लावा. आत सुतीच.

वाकळ मशीनवर शिवली तर?

बाळाचं दुपटं, दोन-तीन थरांची पातळ गोधडी जरूर शिवा, विकायलाही बरी. सहा थर मशीनखाली घातले की खालचा थर दाते पुढे नेतात आणि वरचा फुटाखाली मागे राहतो. शेवटी कडेला दोन-तीन बोटांचा फरक. टीप घट्ट बसते म्हणून वाकळ ताठही होते, अंगाला लपेटत नाही. हाताचा टाका सैल असतो, तिथेच तिची ऊब आणि मऊपणा.

आजीला सगळं येतं, पण ती शिकवत नाही. "बघून शिक" म्हणते. काय करू?

तिला खरंच सांगता येत नाही. तिलाही कुणी शब्दांनी शिकवलेलं नाही. पन्नास वर्षं हात चालवल्यावर हाताला येतं ते तोंडाला येत नाही.

मग युक्ती करायची. समोर बसू नका, शेजारी बसा, तिच्या ज्या हाताकडून सुई चालते त्या बाजूला. समोरून सगळं उलटं दिसतं. "कसं करायचं?" असं विचारू नका. आपलं कापड घेऊन मुकाट्याने चार टाके चुकीचे घाला. पाच मिनिटांत "आण इकडं, मी करतो" म्हणून ती तुमच्या हातातून ओढून घेईल आणि तेच पाहायचं असतं. मोबाईलवर चित्रीकरण करायचं तर तोंडाचं नको, खांद्यावरून हातांचं करा. आवाज चालू ठेवा, मधे जे पुटपुटते ते फार कामाचं असतं.

सगळ्यात महत्त्वाचं माप. "वीतभर सोड", "चार बोटं घे", "मूठभर चुणी" अशी तिची मापं असतात. तिची वीत टेपने मोजून वहीत लिहा. तिची चार बोटं मोजा. तुमची वीत तिच्याएवढी नसते, आणि तिच्या परकराचा घेर तुम्हाला कधी जमत नाही त्याचं कारण बहुधा एवढंच असतं. आमच्या घरात सासऱ्यांची एक वही आहे, गिऱ्हाइकांच्या मापांची. सासूबाईंच्या वाकळेचं मात्र एका ओळीचंही टिपण नव्हतं; ते आम्ही त्यांच्या वितीवरूनच उतरवून घेतलं.

हे या दिवाळीला करा, पुढच्या दिवाळीला नको.

घराण्याची कला आहे, पण मुलांना यात काही रस नाही. जबरदस्ती करावी का?

नाही. तुटलेलं बटण, उसवलेली शिलाई आणि पँटची दुमड एवढं मुलगा-मुलगी दोघांनाही यायलाच हवं, ते शिकवा आणि गप्प बसा. गंमत म्हणजे सोडून गेलेलेच तिशीत परत येतात, पहिलं मूल होताना.

रस नसण्याचं मूळ बहुतेक ठिकाणी पैशात असतं. शिंपीकाम बापाकडून मुलाकडे जायचं, वाकळ सासूकडून सुनेकडे. तयार कपडे आले आणि पहिलं थांबलं. ब्लँकेट आलं आणि दुसरं. आपल्या चपलेचं बघा. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन कंपनीने तसल्याच चपला दाखवल्या, कोल्हापूरचं नाव न घेता, तेव्हा सगळीकडे बोंबाबोंब झाली आणि ती व्हायलाच हवी होती. पण कारागिराच्या पोराला आरी हातात घ्यावीशी वाटेल ती दिवसाच्या मजुरीवरून. शिवणाचंही तसंच. आईच्या कामाला घरात "फावल्या वेळातलं" म्हणत असाल तर मुलीने ते का उचलावं?

मग वाकळेचे पैसे किती घ्यायचे?

आधी काम मोजा. पावणेसात फूट लांब, चार फूट रुंद वाकळ धरा आणि रेघेत पाऊण इंचाचं अंतर. चार फुटांत ६४ रेघा बसतात. ६४ गुणिले पावणेसात म्हणजे ४३२ फूट, सव्वाशे मीटरवर धावदोरा. इंचाला ४ टाके धरले तर वीस हजारांवर टाके होतात. हे गिऱ्हाइकाला सांगायचं, न लाजता. एक रेघ घालायला तुम्हाला किती मिनिटं लागतात ते घड्याळ लावून बघा, ६४ ने गुणा, पसरणं आणि कच्चा दोरा याला एक दिवस वेगळा धरा. तुमच्या भागात शेतमजुरीला बाईला दिवसाला जे मिळतं त्याच्या खाली उतरू नका. "जुन्याच तर साड्या आहेत, त्याचे एवढे?" म्हणणारं गिऱ्हाईक जाऊ दे. तिला चादर मिळेल दुकानात.

सरकारी प्रशिक्षण किंवा मदत मिळते का?

आयटीआयमध्ये शिवणकामाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम असतो. कागद हातात हवा असेल, पुढे नोकरी करायची असेल तर तो करा.

पीएम विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली. तिच्यातल्या १८ व्यवसायांत शिंपी आहे, चर्मकारही आहे. वय किमान १८, एका कुटुंबातल्या एकालाच लाभ, घरात नवरा किंवा बायको सरकारी नोकरीत असेल तर नाही. पाच ते सात दिवसांचं मूलभूत प्रशिक्षण, त्या दिवसांचा रोज ५०० रुपये भत्ता, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत व्हाउचर आणि पाच टक्के व्याजाने पहिल्या टप्प्यात एक लाखापर्यंत कर्ज अशी तिची रचना आहे. नोंदणी सीएससी, म्हणजे सामायिक सेवा केंद्रावर होते. कर्ज घ्यायच्या आधी हातात काम किती आहे ते बघा. मशीन आलं आणि गिऱ्हाईक नाही अशी घरं आम्हाला माहीत आहेत.

पुरुषांनी शिकलं तर चालतं का?

महाद्वार रोडवर आजवर कुणी शिवलं? पुरुषांनीच. संत नामदेव शिंप्याच्याच घरातले. या, बसा.

मी डावखुरी आहे.

हातशिलाई डावीकडून उजवीकडे करा, काही बिघडत नाही. कात्री मात्र डावखुऱ्यांची वेगळी घ्या. साध्या कात्रीने डाव्या हाताने कापलं की पातं कापडापासून फाकतं आणि रेघ दिसत नाही.

वाकळ धुवायची कशी? पावसाळ्यात वास येतो.

पंचगंगेच्या घाटावर नेऊन आपटून धुण्याचा रिवाज जुना, पण नदीची आजची अवस्था पाहता घरीच धुवा. मोठ्या टबात कोमट पाणी, थोडी पावडर, पायांनी तुडवायची. पिळायची नाही, दोरा तुटतो. दांडीवर टाकून पाणी निथळू द्यायचं. ओली वाकळ फार जड होते, मधोमध एकाच दोरीवर टाकली तर ताणून फाटते. दोन दोऱ्यांवर पसरा. धुण्याच्या मशीनमध्ये कोरडी करायची हौस नको.

जून ते सप्टेंबर इथे ऊन मिळेलच असं नाही, म्हणून मृग लागायच्या आधी, मेमध्ये धुऊन कडक उन्हात दोन दिवस तापवा, कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून सुती कापडात बांधा. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडली की वास येणारच. पाऊस उघडला की पहिल्या उन्हात परत बाहेर.

आजीची वाकळ विरलीय. जपून ठेवू की दुरुस्त करू?

वापरायची आहे ना, मग दुरुस्त करा. एकदम उसवू नका. आतले थर एकमेकांना धरून असतात, सुटे केले की हातात चिंध्या येतात. आहे तशी धुऊन वाळवा. जिथे फाटलंय तिथे जुन्याच सुती कापडाचं ठिगळ, नव्याचं नको. नवं कापड आटतं आणि आजूबाजूचं जुनं फाडतं. वरचा सगळाच थर गेला असेल तर त्यावर एक अख्खी साडी पसरून पुन्हा कच्चा दोरा, पुन्हा रेघा. आईची नाहीतर सासूबाईंची साडी असेल तर उत्तमच. अशा दोन-तीन वेळा पांघरूण चढवलेल्या वाकळा कोल्हापूरच्या खेड्यांत पुष्कळ आहेत, उचलायला जड आणि थंडीत भारी.

अगदीच चाळण झाली असेल तर धड राहिलेल्या भागातून उशीखाली घ्यायला किंवा पाटावर टाकायला चौकोन काढा. काचेच्या कपाटात लावून ठेवायची असेल तर आम्हाला विचारू नका, त्यातलं आम्हाला काही कळत नाही.

खंडेनवमीला मशीन चालवायचं नसतं म्हणतात. गिऱ्हाइकाचा ब्लाऊज दसऱ्याला हवाय, काय करू?

आमच्याकडे खंडेनवमीला मशीन पुसून, तेल देऊन, कात्री-गज-टेपसकट मांडतात, हळदकुंकू आणि झेंडू वाहतात, आणि दिवसभर टीप पडत नाही. म्हणून दसऱ्याचं काम अष्टमीच्या रात्रीपर्यंत संपवायचं आणि नवरात्राच्या चौथ्या माळेनंतर नवं कापड घ्यायचं नाही, कुणीही आलं तरी. हूक लावायचे राहिलेच असतील तर ते हाताने लावले तर चालतात, असं सासूबाईंनी ठरवून दिलेलं आहे.